नऊ फुटी ओळीत बसणारी केबिन

डिसेंबर 2024 मधली गोष्ट. पहाटेचं औषध मारून हे बागेतनं आले आणि अंगणातल्या बाजेवर नुसते बसून राहिले. मी चहा पुढं केला तर कप बशीवर वाजायला लागला. हात थरथरत होता, कपाळावर घाम, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या. त्याच दिवशी मिरजेला नेलं. डॉक्टरांनी रक्तातलं कोलिनएस्टरेज, म्हणजे मज्जातंतूंचं काम नीट चालू ठेवणारं द्रव्य, तपासलं, ते खाली आलेलं. किडीच्या मज्जातंतूंचं काम ज्या औषधानं थांबतं, तेच औषध माणसाच्याही मज्जातंतूंवर तसंच चालतं, हे त्यांनी आम्हाला कागदावर आकृती काढून समजावलं. मग यांना विचारलं, "फवारताना बसता कुठं?" "ट्रॅक्टरवर." "औषध उडवणारा ब्लोअर कुठं असतो?" "मागं." "मग वारा पाठीकडनं असला की तुम्ही औषधाच्या ढगातच बसलेले असता."

ते वाक्य माझ्या डोक्यातनं गेलं नाही. आमची चार एकर द्राक्षबाग आहे, कर्नाटकातल्या अथणी तालुक्यात, महाराष्ट्रातल्या जतच्या शिवेजवळ. थॉमसन आणि माणिक चमन, सगळा माल बेदाण्याला जातो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ढगाळ हवा राहिली की डाउनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं एक दिवसाआड ब्लोअर बागेत असतो. डाउनी आवरली की भुरी ही दुसरी बुरशी, भुरी आवरली की थ्रिप्सची कीड. मास्क लावा म्हटलं तर हे लावायचे, पण अर्ध्या तासात घामानं गळ्यात यायचा. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा आम्ही ती बातमी कापसाची म्हणून वाचली होती. द्राक्षाला ती लागू नाही असं का वाटलं, याचं आज मला उत्तर देता येत नाही.

जुना छोटा ट्रॅक्टर तसाही बारा वर्षांचा झाला होता, क्लच आणि मागचं अवजार उचलणारी लिफ्ट दोन्ही दमलेले. बदलायचाच तर बंद केबिनचा घ्यायचा, असं मी घरात बोलून दाखवलं. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "आमी जन्मभर पाठीवर पंप घेऊन मारलं की गं. काचंच्या खोलीत बसून कुठं शेती हुती?" मी त्यांना रिपोर्ट वाचून दाखवला. ते गप्प बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच शिवणाच्या डब्यातनं टेप काढून माझ्या हातात दिला. "आधी ओळ मोज," म्हणाले. साऱ्या शोधातला सगळ्यांत कामाचा सल्ला तो ठरला.

मोजलं ते असं. दोन ओळींतलं अंतर नऊ फूट, म्हणजे 108 इंच. वेल ज्यांवर चढवलेत त्या वाय आकाराच्या लोखंडी अँगलचा पसारा चार फूट, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट. म्हणजे वरच्या तारांच्या मध्ये उरतात 60 इंच. त्यावरनं काड्या लोंबतात, भर हंगामात दोन्हीकडनं सहा-सात इंच तरी. मग वरच्या अंगाला मोकळं राहतं जेमतेम 46 इंच. खाली मात्र खोडापाशी भरपूर जागा. तारेची टोकं जमिनीपासून सहा फुटांवर. याचा अर्थ, टायरपाशी ट्रॅक्टर साडेतीन फूट रुंद चालेल, पण खांद्याच्या वर केबिन निमुळती होत गेली पाहिजे; सरळ चौकोनी खोकं आलं तर घड घासत जाणार. आणि घड मण्यांवर आल्यावर एकदा घासला की तो बेदाण्याच्याही कामाचा राहत नाही. ज्यांची बाग मांडवावर आहे त्यांनी तर केबिनचा विचारच करू नये. सात फूट उंचीचं काही त्या छताखालनं जात नाही.

ही मापं वहीच्या पहिल्या पानावर लिहून आम्ही शोरूम हिंडायला लागलो. अथणी, मिरज, सांगली, नंतर बेळगाव. कंपनीची एसी केबिन मागितली की सगळे मोठ्या ट्रॅक्टरकडं बोट दाखवायचे. महिंद्राचा अर्जुन नोव्हो, जॉन डिअरचा 5310. मशीन देखणं, पण ते 50 एचपीच्या पुढचं, नांगरट आणि ट्रॉलीसाठी बनवलेलं. आमच्या ओळीत ते शिरलं तर दोन्हीकडच्या तारा घेऊनच बाहेर पडेल. छोट्यात कुबोटाचा बी2741, जॉन डिअरचा 3028ईएन, महिंद्राचे जिवो 245 आणि ओजा 2127 असे चार बसून, वळवून, उचलून पाहिले. 24 ते 28 एचपीचे, चारही चाकं ओढणारे. आम्ही गेलो त्या एकाही शोरूममध्ये यांतला एकही कंपनीच्या केबिनसह नव्हता. बेळगावातला एक मुलगा मन लावून बोलला. "तसं नाही री, वहिनी. छोट्याला केबिन मागणारं गिऱ्हाईक तुम्हीच पहिलं. वर छत्री बसवून देतो बगा." छत्रीनं ऊन अडतं, औषध अडत नाही.

परदेशात हा प्रश्न त्यांनी कधीच सोडवलाय. फेंटचा 200 व्ही हा खास द्राक्षबागेचा ट्रॅक्टर 1.07 मीटर रुंदीतही मिळतो, म्हणजे साडेतीन फूट, आणि वर निमुळती बंद केबिन. कुबोटाच्याही छोट्या ट्रॅक्टरना तिकडं केबिन येते. त्यांची चित्रं मी मोबाइलवर घेऊन फिरत होते, विकत घ्यायला नव्हे, कारागिराला दाखवायला. कारण तोपर्यंत कळून चुकलं होतं की ट्रॅक्टर शोरूममधनं येईल आणि केबिन आपल्यालाच बनवून घ्यावी लागेल.

सप्टेंबरात धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या मेळ्याला गेलो. गर्दीत यंत्रांच्या तंबूत अर्धा दिवस काढला. तिथं भेटलेल्या विजापूरकडच्या एका बागायतदारानं सांगितलं की त्यांनी केबिन बनवून घेतलीय, येऊन बघा. विजापूर म्हणजे कर्नाटकातल्या द्राक्षाचं घर, तिथं कुणीतरी केलंच असणार असं वाटलंच होतं. गेलो. केबिन दिसायला सुरेख, ॲल्युमिनियमच्या चौकटी, मोठ्या काचा, छोटा एसी. त्यांचा गडी नुकताच औषध मारून उतरला होता. मी दार उघडून आत डोकं घातलं आणि गंधकाचा वास नाकात गेला. आत बसलेल्याच्या सीटवर, स्टिअरिंगवर, काचेच्या आतल्या बाजूवर पांढरट पूड. मी छताकडं पाहिलं. हवा आत ओढणारा पंखा मागच्या बाजूला, बरोबर ब्लोअरच्या तोंडावर बसवलेला, आणि त्याच्यावर गाडीच्या एसीला असते तसली कागदी जाळी. बाहेरचं औषध पंखा ओढून आत आणत होता आणि काचा ते आत कोंडून ठेवत होत्या.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर आम्ही दोघं फारसं बोललो नाही. असली केबिन आम्हीही घेतली असती. पैसे दिले असते, पूजा केली असती आणि निर्धास्त झालो असतो.

मग रात्री जागून वाचलं. युरोपात ट्रॅक्टरच्या केबिनसाठी ईएन 15695 नावाचं मानक आहे आणि त्यात केबिनचे चार वर्ग केलेत. पहिल्यात कसलंच संरक्षण नाही. दुसरी केबिन फक्त धूळ अडवते. तिसरी धूळ आणि फवाऱ्याचे बारीक थेंब. चौथी धूळ, थेंब आणि औषधाची वाफसुद्धा. वाफ अडवायला सक्रिय कोळशाचा फिल्टर लागतो. कागदाच्या, कापडाच्या कुठल्याही जाळीतनं वाफ आरपार जाते. आणि फिल्टर कितीही चांगला असला तरी आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त हवा, किमान 20 पास्कल. असं असलं की फटीतनं हवा फक्त बाहेर जाते, आत येत नाही. 20 पास्कल म्हणजे पाण्याची दोन मिलीमीटर उंची. एवढासाच. पण तो नसेल तर दाराच्या प्रत्येक फटीतनं औषध आत येणार.

एसीचा मोह मात्र सोडावा लागला, आणि तो सोडताना मला वाईट वाटलं, कारण उन्हात बंद काचेत बसायचं म्हणजे काय ते मला कळत होतं. पण हिशेब असा होता. इंजिन 27 एचपीचं असलं तरी पीटीओला, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याला, मॉडेलप्रमाणे 19 ते 23 च पोचतात. आमचा ब्लोअर टाकी भरलेली असताना त्यातले बहुतेक खातो. एसीचा कॉम्प्रेसर तीन-चार एचपी घेणार. शिवाय एसीचं कंडेन्सर रेडिएटरच्या पुढं बसतं, त्यावर द्राक्षाची पानं आणि धूळ चिकटली की इंजिन तापलंच. ही पीटीओची ताकद जाहिरातीवरनं नको, मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या सरकारी केंद्राच्या चाचणी अहवालावरनं बघायची, हे मला धारवाडच्या मेळ्यात एका प्राध्यापकांनी सांगितलं. त्या अहवालात लिफ्टची ताकदही येते, आणि ब्लोअर मागं टांगायचा असल्यानं ती आमच्यासाठी तितकीच महत्त्वाची. शेवटी ठरलं की औषध पहाटे पाच ते साडेआठ आणि संध्याकाळी पाचनंतरच मारायचं. तसंही दुपारच्या वाऱ्यात आणि उन्हात मारलेलं औषध पानावर टिकत नाही. त्या वेळेत गाळलेल्या हवेचा पंखा पुरतो. छताला आतनं थर्मोकोल, बाहेरनं पांढरा रंग.

ट्रॅक्टर कोणता घेतला ते इथं मुद्दाम लिहीत नाही. चारांतला जो आमच्या गावापासून सर्व्हिसला सगळ्यांत जवळ, ज्याची टायरपाशी रुंदी आमच्या मापात आणि ज्याच्या मागं घडी होणारी लोखंडी कमान कंपनीनंच दिलेली, तो घेतला. ती कमान मला हवीच होती. ट्रॅक्टर उलटला तर चालकाचा जीव वाचवते ती कमान, कारागिराची पत्र्याची केबिन नव्हे. म्हणून कुपवाडच्या एमआयडीसीतल्या कारागिराला पहिलीच अट घातली: कमानीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. केबिन तिच्याभोवती, बोल्टवर, हंगाम संपला की चार माणसांनी उतरवता येईल अशी. ट्रॅक्टर साडेसातशे किलोचा, त्यावर केबिनचे सव्वाशे किलो उंचावर चढणार, तेव्हा पुढं वजनाच्या पाट्याही लावून घेतल्या.

पैशाचं थोडक्यात सांगते. ट्रॅक्टरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरनं 5 वर आला. साडेपाच लाखांच्या मूळ किमतीला 38,500 रुपये वाचले, तेवढ्यात केबिनचा फिल्टर, पंखा आणि काचा निघाल्या. मिनी ट्रॅक्टरच्या अनुदानासाठी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात अर्ज दिला होता, पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, आणि शेतकरी नोंदणीचा फ्रुट्स आयडी जोडून. अर्ज कन्नडमध्ये, तो माझ्या मुलीनं भरला, ती शाळेत कन्नड शिकलीय. यादीत नंबर लागायला वेळ होता आणि छाटणी कुणासाठी थांबत नाही, म्हणून सोसायटीचं कर्ज काढलं. 2 ऑक्टोबरला दसऱ्याला ट्रॅक्टर दारात आला. आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, ओवाळला.

केबिन दहा दिवसांनी बसली. कारागीर हुशार आणि सांगितलेलं ऐकणारा. पंखा मी पुढच्या बाजूला, छताच्या वर घ्यायला लावला. औषध मागं उडतं, हवा पुढनं घ्यायची. आधी जाड जाळी, मग बारीक फिल्टर, मग कोळसा. काचा वर निमुळत्या, छतापाशी रुंदी 32 इंच. सगळं झाल्यावर तो म्हणाला, "घ्या, झाली." मी पिशवीतनं अगरबत्तीचा पुडा काढला.

पंखा सुरू करून हे आत बसले, दार लावलं. मी बाहेरनं पेटलेली अगरबत्ती एकेका फटीपाशी धरत गेले. दाराच्या रबरापाशी धूर बाहेर ढकलला जात होता, चांगलं. मागच्या काचेपाशीही. पण खाली, क्लचच्या पेडलचा दांडा जिथनं आत जातो तिथं धूर सरळ आत ओढला गेला, एखाद्या धाग्यासारखा. गिअरच्या खाचेतही तेच. लिफ्टच्या लिव्हरच्या चिरेतही तेच. म्हणजे आतला दाब अजून पुरत नव्हता. यांनी आतनं काचेवर टकटक केलं, "उदबत्तीचा वास आला गं." पेडल हलतं, त्यामुळं तिथं सिमेंट-सिलिकॉन चालत नाही. कारागिरानं ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं रबर कापलं, मध्ये चीर दिली आणि दांड्याभोवती बाहीसारखं बसवलं. लिव्हरला ब्रशची दुहेरी पट्टी लावली.

रबराच्या आधी आणि नंतर दाबही मोजला. पारदर्शक नळीत हळदीचं पाणी, एक टोक केबिनमध्ये, दुसरं बाहेर, आणि नळी फळीवर एकास दहा अशी तिरकी बांधलेली, म्हणजे दोन मिलीमीटरचा फरक वीस मिलीमीटर होऊन डोळ्याला दिसतो. पहिल्यांदा पाणी सरकलं आठ मिलीमीटर. रबर बसवल्यावर चौदा. फरशीला पत्रा जोडलाय तिथल्या रिव्हेटांच्या भोकांत सिलिकॉन भरलं तेव्हा सव्वीस. कारागीर स्वतःच वाकून बघत होता. "हे मी आधी कधी केलंच नाही," म्हणाला आणि नळी माझ्याकडनं मागून घेतली. आता तो प्रत्येक केबिनला लावतो.

बागेत गेल्यावर जे शोरूममध्येही कळलं नव्हतं ते कळलं. उघड्या ट्रॅक्टरवर हे ओळ संपली की मागं हात घालून ब्लोअरचा कॉक बंद करायचे. आता मध्ये काच. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर मागची खिडकी उघडावी लागली, म्हणजे केलेलं सगळं वाया. बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्ह बसवून बटण डॅशबोर्डवर आणलं. हे ज्यांना करायचंय त्यांनी केबिनच्या आधी करावं. दुसरं, मागच्या काचेवर औषध साचतं आणि दोन ओळींनंतर ब्लोअर दिसत नाही. तिथं वायपर हवा, तो अजून बसायचाय. तिसरं, वळायची जागा. बांधाकडं आमच्याकडं अकरा फूट होती, उघड्या ट्रॅक्टरला पुरायची. केबिनचा कोपरा शेवटच्या खांबाच्या ताणाला लागायला लागला, तेव्हा एका टोकाचे सात अँगल दोन फूट आत घेतले.

आणि एक गोष्ट मी घरात रोज सांगते. औषध कालवताना केबिन कामाची नाही. डब्यातलं औषध सगळ्यांत जहाल, ते ओतताना हातमोजे, चष्मा, ॲप्रन लागतंच. आणि तेच मोजे घालून केबिनमध्ये चढायचं नाही. दाराबाहेर मी एक खिळा ठोकून घेतलाय, त्याला मोजे अडकवायचे, बूट पुसायचे, मग वर. नाहीतर गाळलेल्या हवेत आपणच विष घेऊन बसायचं.

कोळशाचा फिल्टर फवारणी नसताना काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवते. उघडा राहिला की तो हवेतलं काहीबाही शोषत बसतो आणि वेळेआधी संपतो. भुशाच्या खोलीतल्या फळीवर तो असतो, खोक्यावर पेनानं तास लिहिलेले: 14 ऑक्टोबर, तीन तास, 16 ऑक्टोबर, तीन तास. परवापर्यंत बेरीज 138 झालीय. जानेवारीत यांचं रक्त पुन्हा तपासलं, कोलिनएस्टरेज आपल्या जागी आहे. फिल्टरची दुसरी जोडी मागवलीय, एप्रिलच्या खरड छाटणीच्या आधी हाती यावी. मामांनी काल विचारलं, त्या वायपरचं काय झालं. मोटर आलीय, काचेला भोक पाडणारा माणूस सोमवारी येतोय.